गोझोचा ब्लू होल: पाण्यात उतरण्याआधी वारा बघा

निळी_शिंपली

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गोझोला जाऊन आले. माल्टा देशाचं हे धाकटं बेट. मोठ्या बेटावरच्या चिर्केव्वा धक्क्यावरून फेरीबोटीनं साधारण पंचवीस मिनिटांत पोचता येतं. मी डाइव्हिंग तारकर्लीला शिकले, आता नोकरीसाठी म्युनिकला असते. गोझोची ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेआधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते, कारण "स्कूबा शिकलोय, आता युरोपात कुठे जाऊ" हा प्रश्न इथे वरचेवर येतो.

द्वेइरा हे गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ठिकाण. तिथला ब्लू होल म्हणजे चुनखडीच्या खडकात निसर्गानं खणलेली विहीरच. तोंड दहाएक मीटर रुंद, तळ पंधरा मीटरच्या आसपास, आणि समुद्राच्या अंगाला आठेक मीटर खोलीवर मोठी कमान. कमानीतून बाहेर पडलात की खुला समुद्र. शेजारीच अझुर विंडो नावाची दगडी महिरप उभी होती, जुन्या फोटोंमध्ये दिसते ती. ८ मार्च २०१७ ला सकाळी वादळात ती खांबासकट कोसळली. आता तिचे घराएवढे तुकडे पाण्याखाली पडलेत.

गाडी लावतात तिथून विहिरीपर्यंत सगळं सामान अंगावर घेऊन चालायचं. खडक इतका धारदार आहे की हात टेकला तर कातडी सोलवटते. जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे हवेतच.

पहिल्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, मी एका स्वस्त सेंटरमध्ये नाव घातलं होतं. आदल्या दिवशी वायव्येचा वारा जोरात होता, त्या दिवशी पडला होता. आकाश निळं, विहिरीतलं पाणी काचेसारखं. आम्ही पाच जण आणि एक गाइड. आत सगळं छान झालं. परत विहिरीत वर आलो तर पाणी छाती भरून श्वास घ्यावा तसं वर-खाली होत होतं. ज्या खडकावर पाय ठेवायचा तो एकदा कोरडा, आणि पाच आकडे मोजेपर्यंत कमरेएवढ्या पाण्याखाली. मी पायातली एक फिन काढून हातात घेतली, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारा भाग, तोही काढला होता, आणि तेवढ्यात पाण्यानं मला उचलून खडकावर ठेवलं. पाठीवर पंधरा लिटरचा पोलादी सिलिंडर. गुडघ्याला सहा टाके पडले.

वारा थांबला म्हणजे लाट थांबत नाही. लांबून आलेली लाट पुढचा एक-दोन दिवस येत राहते. उघड्या समुद्रात ती दिसतसुद्धा नाही, पण विहिरीसारख्या चिंचोळ्या जागेत शिरली की तिचं सगळं बळ वर-खाली होण्यात जातं. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही.

या खेपेचा गाइड वेगळा. पहिल्या दोन दिवशी त्यानं द्वेइराचं नावही काढलं नाही, दक्षिणेच्या बाजूला नेलं. तिसऱ्या दिवशी खडकावर उभं राहून त्यानं दहा मिनिटं नुसतं पाणी पाहिलं, खडकाच्या कडेला चढणारा फेस कुठवर येतो ते पाहिलं, आणि मग म्हणाला, सामान काढा.

आत उतरल्यावर वर पाहिलं तर आकाश एका निळ्या तबकाएवढं. कमानीतून बाहेर पडलो आणि पुढे नुसता गडद निळा रंग, खाली दूरवर खडक. डाव्या हाताला कपारीत केशरी रंगाचे छोटे मासे उलटे पोहत होते, छताला पोट लावून. अझुर विंडोच्या तुकड्यांवर आता शेवाळ धरलंय. दोन तुकड्यांच्या फटीत एक भला मोठा हेकरूसारखा मासा तोंड उघडमिट करत बसला होता. मी तीन हातांवर होते, तरी तो हलला नाही. चिमणी नावाची एक उभी फट आहे, तिच्यातून एकेकानं वर सरकायचं. वरून उन्हाचे पट्टे येत होते आणि आमचे बुडबुडे त्यातून वर जाताना चकाकत होते. पाणी २४ अंश, ५ मिलिमीटरचा सूट पुरला. पन्नास मिनिटांनी वर आलो तेव्हा विहिरीतलं पाणी जागचं हललं नव्हतं.

---

कोलंबी_करी

झकास लिहिलंयत. माझा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय, एकूण सहा डाइव्ह, सगळ्या मालवणात. डिसेंबरच्या सुट्टीत माल्टाला जायचं डोक्यात आहे. तिथे म्हणे तीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. आमच्याकडे पाच मीटर दिसलं तर आम्ही खूश! मग मालवणपेक्षा ते सोपंच पडेल ना? ब्लू होल जमेल का?

---

निळी_शिंपली

> मग मालवणपेक्षा ते सोपंच पडेल ना?

नाही. हाच समज मला मोडून काढायचाय, म्हणून जरा ठासून लिहिते.

मालवणात पाणी गढूळ असतं तेव्हा माणूस आपोआप गाइडला चिकटून राहतो. इथे सगळं दिसतं, त्यामुळे खोलीचा अंदाजच येत नाही. खालचा दगड हाताशी वाटतो म्हणून जावं, तर मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर २८ मीटर दाखवतो. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर. द्वेइराला कमानीबाहेर खडक थेट ४०-५० मीटरपर्यंत उतरत जातो, पायाखाली तळ नाही. पाण्यात एकाच खोलीवर स्थिर तरंगता येत नसेल तर तिथे जाऊ नका.

शिवाय शिसं, म्हणजे पाण्याखाली राहायला अंगावर बांधायचं वजन. भूमध्य समुद्र आपल्या समुद्रापेक्षा खारट आहे, लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास मीठ. बाष्पीभवन भरपूर, नद्या कमी, आणि अटलांटिकचं पाणी आत येतं ते फक्त जिब्राल्टरच्या १४ किलोमीटरच्या फटीतून. त्यात जाड सूट, म्हणजे माणूस जास्त तरंगतो. उलट तिथले सिलिंडर पोलादी, आपले बहुतेक ॲल्युमिनियमचे, तो फरक वेगळा. मालवणचा आकडा तिथे चालत नाही. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात वजनाची चाचणी कराच: बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामा, नेहमीएवढा श्वास भरून धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं.

डिसेंबरात पाणी १७-१८ अंशांवर आलेलं असतं आणि वादळंही याच काळात येतात. जमत असेल तर मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.

---

स्लीमाकर

मी सात वर्षं माल्टात राहतोय, शनिवार-रविवार पाण्यातच जातो. निळीताईंनी लिहिलेलं अगदी खरं आहे. वाऱ्यांबद्दल भर घालतो, कारण इथे कुठल्याही डायव्हरला विचारा, सकाळी उठून तो आधी वारा बघतो आणि मग ठिकाण ठरवतो.

सगळ्यात जास्त दिवस वाहतो तो मज्जिस्त्राल, वायव्येचा. हा आला की द्वेइरा बंद, चिर्केव्वाही अवघड. मग दक्षिणेच्या आडोशाला जायचं. गोझोत मजार इश-शीनी किंवा शट्ट लाहमार, मोठ्या बेटावर विएद इझ-झुर्रीअ. आग्नेयेचा वारा आला की उलट, दक्षिण किनारा बंद आणि द्वेइरा, मार्सालफोर्नची बाजू शांत. या आग्नेयेच्या वाऱ्याला माल्टी भाषेत 'श्लोक्क' म्हणतात. पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा मी दचकलो होतो, हुबेहूब आपला 'श्लोक'! तो आफ्रिकेकडून दमट हवा आणि कधी कधी वाळवंटाची धूळ आणतो, गाड्यांवर लाल थर बसतो.

तिसरा ग्रिगाल, ईशान्येचा. हिवाळ्यात येतो आणि त्याच्याशी कुणी खेळत नाही. व्हॅलेटाचं मोठं बंदर त्याच दिशेला उघडं आहे. फेब्रुवारी २०१९ च्या ग्रिगालमध्ये लाटांनी मासे उचलून रस्त्यावर टाकले होते, लोक पिशव्या भरून नेत होते.

कोलंबी_करी, इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, वीतभर. म्हणून लोक निर्धास्त होतात. पण अधूनमधून हवेचा दाब झपाट्यानं बदलला की पाण्याची पातळी काही मिनिटांत वर-खाली होते. स्थानिक लोक त्याला मिलऊबा म्हणतात. किनाऱ्यावर सामान ठेवताना पाण्याला लागून ठेवू नका.

---

देवबागकर

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घर देवबागला, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. वडील आयुष्यभर होडीवर. त्यांचं एकच असायचं, "दर्यो बगून होडी सोडूची." गावातल्या डाइव्हिंगच्या होड्यांवर मी आठ वर्षं काम केलंय.

आमच्याकडे पाणी गढूळ का, तर नद्यांचा गाळ आणि पाण्यातलं सूक्ष्म जीवन. त्यावरच मासळी जगते. पावसाळ्यात तर डाइव्हिंग बंदच असतं. माल्टात वाहती नदीच नाही म्हणतात, मग गाळ कुठून येणार? पाणी नितळ, पण मग मासळीही कमीच असणार. बरोबर आहे का?

---

स्लीमाकर

अगदी बरोबर, देवबागकर. बारमाही नदी एकही नाही. पाण्यात पोषणद्रव्यं कमी म्हणून ते नितळ, आणि त्याच कारणानं मासे मोजके. निवतीच्या खडकापाशी दिसतात तसे थवे इथे क्वचित. इथली मजा भूगोलात आहे: गुहा, कमानी, कडे. आणि पोसिडोनियाची कुरणं. लोक त्याला शेवाळ समजतात, पण ती फुलं येणारी वनस्पती आहे, आणि इथली जात फक्त भूमध्य समुद्रात सापडते. खोड वर्षाला सेंटीमीटरच्या आसपास वाढतं. नांगरानं एकदा उपटलं तर ती जागा भरून यायला माणसाचं आयुष्य जातं. कृपा करून त्यात फिन मारू नका, गुडघे टेकू नका. हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

हात लावू नये अशी आणखी एक गोष्ट म्हणजे केसाळ अग्निकिडा. लालसर, कडेला पांढरे झुबके, दिसायला सुंदर. ते केस कातडीत मोडून राहतात आणि दोन दिवस आग होते. जांभळट जेलीफिशही वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतात, त्या दिवशी मान आणि ओठ सांभाळा.

---

कान_नाक_घसा

मी या विषयाची डॉक्टर आहे आणि स्वतः डाइव्ह करते. कुणी विचारलं नाही तरी लिहिते.

माल्टात डाइव्हिंगआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दम्याला, हृदयाच्या त्रासाला, कानाच्या शस्त्रक्रियेला "नाही" असं खोटं लिहू नका. "हो" असेल तर डॉक्टरांची सही आणायला लागते, ती आणा. सुट्टी वाया जाईल म्हणून लोक लपवतात, आणि मग त्यांचे कान आम्हाला तपासायला लागतात.

ब्लू होलमध्ये उतरणं सरळ उभं असतं, दोरी नसते. पहिल्या पाच मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करा, दुखायची वाट पाहू नका. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सगळ्यात मोठा बदल याच वरच्या पट्ट्यात असतो. सर्दी असेल तर नाकाचे थेंब घालून उतरू नका. थेंबांचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

विमानाचं: अनेक दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास थांबा. शेवटचा दिवस पायी फिरण्यासाठी ठेवा. वर आल्यावर सांधे दुखणं, मुंग्या, विचित्र थकवा, चक्कर वाटलं तर झोपून बघू नका. ११२ ला फोन करा. माल्टाच्या मातेर देई रुग्णालयात दाबकक्ष आहे, म्हणजे दाब वाढवून यावर उपचार करायची खोली. जितक्या लवकर पोचाल तितकं चांगलं.

---

लोहारगल्ली

जहाजांची कुणी आठवण काढली नाही म्हणून मी काढतो. माझा जीव त्यातच अडकलाय.

विएद इझ-झुर्रीअजवळ उम एल फारूद हे लिबियाचं तेलवाहू जहाज आहे, सुमारे ११० मीटर लांब. ३ फेब्रुवारी १९९५ ला माल्टाच्या गोदीत दुरुस्तीला असताना त्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. १९९८ मध्ये ते मुद्दाम बुडवलं. पुढे एका हिवाळी वादळात त्याचे दोन तुकडे झाले, एवढ्या मोठ्या लोखंडाचे. त्या नऊ जणांच्या नावांची पाटी जहाजावर आहे. मी तिथे पोचलो तेव्हा आमच्या गाइडनं दोन्ही हात जोडल्यासारखे धरले आणि थोडा वेळ कुणी हललं नाही. माझे आजोबा माझगाव डॉकमध्ये वेल्डर होते. त्या पाटीसमोर मला तेच आठवले.

तळ ३६ मीटरवर, डेक २५ च्या आसपास. नव्यांसाठी हे ठिकाण नाही. का, ते हिशोबानं सांगतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल तर ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून ८० लिटर. बारा लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला तर हवा २४००. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, हात लावायचा नाही. राहिली १८००. भागा ८० नं. साडेबावीस मिनिटं, आणि त्यात खाली जाणं-वर येणं धरलेलं नाही. घाबरून श्वास वाढला तर हे निम्म्यावर येतं. त्यात ३० मीटरनंतर नायट्रोजनची धुंदी चढते, मला तर गेजवरचा आकडा दोनदा वाचायला लागतो.

जहाज बघायचंच असेल आणि अनुभव कमी असेल तर व्हॅलेटाला एचएमएस माओरी बघा. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश विनाशिका, फेब्रुवारी १९४२ मध्ये बाँबहल्ल्यात बुडाली. आता जेमतेम चौदा-पंधरा मीटरवर वाळूत रुतलेली आहे. चिर्केव्वाला पी-२९ ही गस्तीनौका आहे, २००७ मध्ये बुडवलेली, पण तिचा तळही पस्तिशीच्या आसपास.

---

मुक्ताआत्या

मी डाइव्ह करत नाही, पण लेक आणि जावई जाणार आहेत आणि मी सोबत. मी दिवसभर काय करू? आणि शाकाहारी खायला काय मिळतं?

---

स्लीमाकर

आत्या, तुम्ही द्वेइरालाच या. तिथे डोंगराच्या कुशीत इनलंड सी म्हणून खाऱ्या पाण्याचं उथळ तळं आहे, साधारण ८० मीटरच्या बोगद्यानं समुद्राला जोडलेलं. छोट्या होड्या बोगद्यातून बाहेर नेऊन आणतात. मात्र लाट असेल तर त्याही बंद. खायला मटार भरलेली पास्टित्सी मिळते, पण पिठात चरबी आहे का ते विचारून घ्या. फतीरा नावाचा पाव टोमॅटो, केपर, ऑलिव्ह घालून देतात. नेहमी त्यात ट्यूना मासा असतो, नको म्हणून सांगायचं. गोझोचं ज्बेयना हे चीज जरूर खा.

---

पाणकोंबडा

वाचतोय. जरा वेगळं मत मांडतो. सगळ्यांनी इतकं घाबरवलं तर नवा माणूस जाणारच नाही. मी दहाच डाइव्ह झालेल्या असताना ब्लू होल केला, काही झालं नाही.

---

निळी_शिंपली

पाणकोंबडा, तुमचा दिवस चांगला होता आणि गाइड चांगला होता, म्हणून झालं नाही. माझाही पहिला दिवस पाण्याखाली चांगलाच होता. जे झालं ते शेवटच्या दोन मिनिटांत झालं. कुणी जाऊ नये असं मी कुठेच म्हटलेलं नाही. नवीन माणसानं द्वेइराला जरूर जावं, पण चार-पाच दिवस हाताशी ठेवून. एकाच दिवसाचं बुकिंग करून आलेला माणूस "आज नको" हे ऐकायला तयार नसतो, आणि काही सेंटर त्याला नाही म्हणत नाहीत. बुकिंगआधी विचारा: वारा फिरला तर दुसरीकडे न्याल का, की पैसे गेले? एका गाइडमागे किती जण? या दोन उत्तरांवरून सेंटर कळतं.

आणि बाहेर येताना खडकावर दोन्ही पाय घट्ट टेकेपर्यंत मास्क डोळ्यांवर आणि रेग्युलेटर तोंडात. मी नेमकं तेच केलं नव्हतं.

---

कोलंबी_करी

धागा वर काढतोय. डिसेंबर रद्द केला, मेमध्ये आलो. मधल्या काळात मालवण आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर मिळून अकरा डाइव्ह केल्या, अॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स पूर्ण केला. सध्या गोझोत आहे, आज पाचवा दिवस.

पहिले तीन दिवस मज्जिस्त्राल. सकाळी खोलीच्या गच्चीवरून समोरच्या घराचा झेंडा बघायचो, रोज त्याच दिशेला ताठ. मजार इश-शीनीच्या खाडीत डाइव्ह केल्या, दहा-बारा मीटरवर. वजन तिथेच जुळवलं. सुरुवातीला दोन किलो जास्त घेतलं होतं, तळाशी वाळू उडत होती, तिसऱ्या डाइव्हला बरोबर जमलं. पाणी १८ अंश, ७ मिलिमीटरचा सूट घालूनही पस्तीस मिनिटांनी बोटं बधिर. पोसिडोनियात एक समुद्रघोडा दिसला, करंगळीएवढा, शेपटीनं पातं धरून बसलेला. गाइडनं दाखवला नसता तर मला जन्मात दिसला नसता.

काल वारा पडला. मी म्हटलं, आज द्वेइरा? गाइडनं मान हलवली, म्हणाला लाट अजून आहे. आम्ही दोघं नुसते बघायला गेलो. वरून समुद्र सपाट, आणि विहिरीत मात्र पाणी खडकाच्या पायरीवर चढत होतं आणि पूर्ण उतरत होतं. निळीताई, तुम्ही लिहिलेलं डोळ्यांनी बघितलं. मी मोजलं, बरोबर सहा आकडे.

आज सकाळी आग्नेयेचा हलका वारा, स्लीमाकरांचा तो 'श्लोक्क'. सव्वानऊला उतरलो. कमानीतून बाहेर पडताना मी १२ मीटरच्या खाली जायचं नाही असं ठरवलं होतं आणि गेलो नाही, खालचा खडक कितीही जवळ वाटला तरी. ३८ मिनिटं. परत विहिरीत आल्यावर गाइडनं तीन मीटरवर थांबवून वर बोट दाखवलं. खडकावर शेवाळाची एक हिरवी रेघ होती, पाणी तिच्या खालीच राहत होतं. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, दोन्ही पाय टेकले, मग फिन्स त्याच्या हातात दिल्या.

वारा उद्याही तिकडूनच आहे. साडेआठला पुन्हा निघतोय.